बेंबळीचा पी.पी. नंबर

मन्मथअप्पा कधी बसून फोनवर बोलले नाहीत. फोन वाजला की आधी उभे राहायचे, तोंडातली तंबाखू थुंकून यायचे आणि मगच उचलायचे. जेवायला बसलेले असले तरी उष्ट्या हातानं उठायचे आणि डाव्या हातानं फोन कानाला लावायचे. लोक अंथरुणात लोळत फोनवर बोलतात, याची त्यांना मनापासून चीड होती. “पलीकडचा माणूस कोणत्या हालात हाय, आपल्याला काय ठावं? मयतीची खबर असली आन आपण लोळत ऐकली, तर बरं दिसतंय का?” असं ते मला एकदा म्हणाले. तेव्हा मी दुकानात पाय पसरून बहिणीशी गप्पा मारत होते. तिला नवीन साडीचा रंग सांगायचा होता, मयत कुणाची नव्हती. तरी मी पाय मुडपून घेतले.

फोन उचलल्यावर ते ‘हॅलो’ म्हणत नसत. “बोला, बेंबळी,” म्हणत. अख्ख्या गावाच्या वतीनं बोलायचा अधिकार यांना दिला कुणी, असा मला सुरुवातीला प्रश्न पडायचा.

लग्न होऊन मी सोलापूरहून बेंबळीत आले. नवरा ढोकीला कारखान्यावर कामाला. सकाळी जाणार, संध्याकाळी येणार. घरात बसून करमेना म्हणून बाजारपेठेत एक गाळा घेतला आणि शिलाई, पिको-फॉलचं दुकान टाकलं. समोरच्या बाजूला मन्मथअप्पांचं दुकान: वायर, बटणं, बल्ब, मोटारीचे कपॅसिटर, मोबाइलचं रिचार्ज. दुकानाच्या कोपऱ्यात काचेची एक अरुंद केबिन होती आणि तिच्यात वायरची बंडलं रचलेली असत. ते पूर्वीचं एसटीडी बूथ. गावात फोन म्हणजे तेवढाच, अशा काळात अप्पांनी ते चालवलं होतं.

त्या काळी लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पावतीवर, लेकीच्या स्थळाच्या माहितीपत्रावर लोक अप्पांच्या बूथचा नंबर छापत आणि पुढं ‘पी.पी.’ अशी दोन अक्षरं टाकत. म्हणजे नंबर दुसऱ्याचा आहे, तुम्ही लावा, तो आम्हाला हाक मारून बोलावून देईल, असा त्याचा अर्थ. या हाक मारण्यात अप्पांची उमेदीची वर्षं गेली. पलीकडच्याला “लाईन ठिवा, जरा दमानं परत लावा” असं सांगायचं आणि सायकल काढायची. माणूस वेशीत असो, मळ्यात असो, वस्तीवर असो, त्याला गाठून आणायचं. कुणाचं बाळंतपण, कुणाचा नोकरीचा निरोप, पुण्याला गेलेल्या पोराचा पहिला फोन, सगळं अप्पांच्या सायकलवरून गावात आलं. “आधी निरोप, मग च्या,” असं ते म्हणायचे आणि तसंच वागायचे. त्यामुळे त्यांच्या घरचा चहा कायम कोमट असायचा, अशी महादेवीकाकूंची तक्रार होती. काकू म्हणजे त्यांची बायको. त्यांच्या माहेरहून फोन आला की मात्र अप्पा दोन वाक्यांत आटपायला लावायचे; लाईन अडते म्हणायचे. गावासाठी सायकल आणि घरासाठी घाई, हा त्यांचा स्वभावच होता.

पुढं घराघरात मोबाइल आले आणि बूथ बंद पडलं. अप्पांनी स्वतःचा मोबाइल घेतला, पण बराच काळ त्यांचं मन कुठं लागत नव्हतं म्हणे. मग लॉकडाऊन उठल्यावर ही ऑनलाइन यादीची भानगड आली.

झालं असं, की लातूरकडचा एक माणूस ट्रॉलीच्या वेल्डिंगचं काम घेऊन आला. त्याच्या फोनवरच्या नकाशानं वेल्डिंगचं दुकान गावाबाहेर एका हरभऱ्याच्या रानात दाखवलं. तो बिचारा ट्रॅक्टर घेऊन तिथं गेला, रानवाल्याच्या शिव्या खाल्ल्या आणि आल्या पावली परत गेला. हे कळल्यावर अप्पांना जेवण गेलं नाही. “बेंबळीत येऊन माणूस तसाच माघारी गेला व्हय?” असं ते दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहिले. संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन म्हणाले, “बीएबाई, ते मॅपवर दुकान कसं चढवत्यात, दाव मला.” मी बीए झाले आहे याचं माझ्या सासरी कुणाला कौतुक नव्हतं, अप्पांना होतं, आणि ते त्याचा असा उपयोग करून घेत.

मी त्यांच्याच फोनवरून माझं दुकान चढवून त्यांना शिकवलं. नाव, फोटो, उघडायची-मिटायची वेळ, पत्ता, फोन नंबर. शेवटी त्या नंबरावर आकड्यांचा कोड येतो, तो टाकला की दुकान खरं आहे अशी खूण मिळते. कधी तेवढ्यावर भागत नाही. मग रस्त्यापासून पाटीपर्यंत, शटर उघडून आतल्या मालापर्यंत व्हिडिओ काढून पाठवावा लागतो. अप्पांनी एकदा नीट पाहून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून गावभर सुटले. गिरणीला पाटीच नव्हती, तर गिरणीवाल्याला कोळसा देऊन भिंतीवर नाव लिहायला लावलं. न्हाव्याच्या दुकानाचा व्हिडिओ चालू असताना अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, आपलं असं तोंड जावयाच्या फोनवर जाईल या भीतीनं, फडकं गळ्यात घेऊन बाहेर पळालं. काही महिन्यांत बेंबळीची पेठ नकाशावर अशी दिसायला लागली, की धाराशिवकरांनीही मान डोलवावी.

मध्ये माझा फोन बिघडला होता. तो दुरुस्त होऊन आल्यावर एक दिवस मी सहज नकाशावर माझं दुकान उघडलं, तर त्यावर नंबर अप्पांचा. गिरणी पाहिली, तिथं अप्पांचा. न्हावी, गुरांचा दवाखाना, पंक्चरवाला, मंडपवाला, सगळीकडं तोच एक नंबर. मी तशीच उठून समोर गेले.

“अप्पा, हे काय? माझ्या दुकानाला तुमचा नंबर?”

“तुझा बंद होता की. आलेलं गिऱ्हाईक कुठं जाईल?”

“आणि बाकीच्यांना?”

“त्यांचं सिम दर ऑफरला बदलतंय. गिरणीवाल्याचा फोन पोराकडं, आन पोरगं पुण्याला. न्हाव्याच्या हाताला कायम साबण. कोड आला तर कुठनं आला, कशाचा आला, एकालाबी कळत न्हाय.”

“म्हणून सगळ्यांना तुमचा?”

“पी.पी. हाय की,” ते म्हणाले आणि यात काय चुकलं, हे त्यांना खरोखरच कळलं नाही.

त्या फॉर्मात पी.पी. लिहायला जागा नव्हती, एवढीच काय ती अडचण. मी माझा नंबर बदलून घ्यायला हवा होता खरा, पण अप्पांनी तेवढ्यात रस्त्याच्या मधोमध उभं राहून मला निरोप दिला: “बाई, ढोकीहून फोन हाय. पोरीच्या हळदीचं ब्लाउज. बाही कोपरापातुर. पाठीला लटकन दोन. लटकन म्हंजे काय ते तुला कळतंय म्हणाली.” मग छातीचं माप. अख्खी पेठ ऐकत होती. मी नंतर त्यांना म्हटलं, अप्पा, मापं तरी हळू सांगत जा. तेव्हापासून मापं सांगताना ते डोळे मिटून घेऊ लागले. आवाज तेवढाच राहिला. गिऱ्हाईक मात्र वाढलं, हे मला नाकारता येणार नाही.

दिवसभर त्यांचा फोन वाजे आणि दिवसभर ते रस्ता ओलांडत राहत. एकदा काकूंनी विचारलं, की लोकांची दुकानं सांभाळता, आपल्या दुकानात कोण बसणार? तर म्हणाले, “आपलं दुकान कुठं पळून चाललंय? फोन एकदा वाजायचा थांबला की गेला.” आपल्याशिवाय गावाचं पान हलत नाही, असं त्यांना वाटायचं आणि ते वाटणं त्यांना आवडायचं. तेवढा अहंकार मी त्यांच्या पदरात घालते. पण त्या अहंकारापायी त्यांनी चपला झिजवल्या, इतर लोक नुसत्या मिशा वाढवतात.

माझ्या दुकानाला लागून सुभाषचं हार्डवेअर आहे. पाइप, मोटारी, सिमेंट. एके दिवशी तो कुठल्याशा लग्नाला गेला होता आणि शटर बंद होतं. अणदूरकडच्या एका शेतकऱ्यानं सुभाषच्या नावावरचा नंबर लावला. म्हणजे अप्पांनाच लावला. त्याची मोटार जळली होती. आजच्या आज पाहिजे, दुसऱ्या कुणाकडं आहे का, म्हणून त्यानं विचारलं. अप्पांनी पेठेतल्या दुसऱ्या दुकानाचं नाव सांगून टाकलं. परत आल्यावर सुभाषला हे कळलं. तो भर रस्त्यात अप्पांसमोर उभा राहिला.

“माझ्या नावावर आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात घालता व्हय? किती मिळालं तुमाला त्येच्यात?”

अप्पा काहीच बोलले नाहीत. माणूस गप्प बसला की लोकांना तो दोषी वाटतो. दोन-चार जण हसलेसुद्धा. नंतर ते माझ्या दुकानात येऊन बसले, पाणी मागितलं आणि म्हणाले, “त्येचा भुईमूग वाळायलाता, बाई. सुभाष लग्नाहून येस्तवर थांब म्हणू का त्येला?” किती मिळालं, असं आयुष्यभरात त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर सुभाषनं त्यांच्याशी बोलणं सोडलं. गंमत अशी, की नंबर मात्र अप्पांचाच राहिला, कारण तो बदलायचा तर अप्पांशी बोलावं लागलं असतं. सुभाषसाठी फोन आला की अप्पा मला सांगत, मी भिंतीपलीकडं सुभाषला सांगे. दोघंही ऐकू येण्याइतके जवळ उभे असत आणि मी मध्ये दुभाषी.

मग एका पावसाळ्यात अप्पांचा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग चिरकला, मग शब्दांतली अर्धी अक्षरं हवेतच जाऊ लागली. फोनवरचे लोक विचारत, रेंज नाही का तिथं? अप्पा म्हणत, “रेंज फुल हाय. गळाच दगा द्यायलाय.” काकूंनी हळद-दूध दिलं, काढे दिले, कुणी मिरी चावायला सांगितली. तंबाखू सोडायला सगळ्यांनीच सांगितलं, तीही त्यांनी सोडली, पण फार उशिरा. दसऱ्याच्या सुमाराला काकू त्यांना ओढून सोलापूरला घेऊन गेल्या. गाठ होती, तीही नेमकी आवाजाच्या जागी. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब ऑपरेशन करून ती जागाच काढून टाकावी लागेल. आवाज जाईल, माणूस राहील. यावर अप्पांनी त्यांना पहिला प्रश्न काय विचारला? “मग फोन?”

गावात परत येऊन त्यांनी जाहीर केलं, की नंबर ज्याचे त्याला लावून देतो आणि मगच जातो. काकू रडत माझ्याकडं आल्या. “पोरी, तुझं ऐकत्यात ते. सांग की. हे आसलं कुणी करतं का?”

मी जाऊन भांडले. खूप भांडले. “अप्पा, जीव मोठा की दुकानाचा नंबर? दुकानदारांना हात नाहीत का?”

“हायत. पर फोन रोज यायलाय,” ते त्या फाटक्या आवाजात म्हणाले. “उचलला न्हाय तर त्याला वाटंल, बेंबळीत कुणीच न्हाय. हा जिम्मा म्या घेतलाय. कुणी दिला नव्हता. मग म्याच फेडणार की.”

आणि ते दारोदार फिरू लागले. बदलायची रीत आता नवीन आली होती, पण साधी होती: आधी जुन्या नंबरावर, म्हणजे अप्पांच्या फोनवर, एक कोड यायचा, तो टाकला की दुकानदाराच्या फोनवर दुसरा. तो दुसरा कोड दुकानदारानं सांगायचा, की झालं. पण तोच कुणी सांगेना. “ब्यांकेवाल्यांनी बजावलंय अप्पा, कोड कुणाला द्यायचा न्हाय, सख्ख्या भावालाबी न्हाय.” ज्या माणसाच्या सायकलवरून यांच्या घरात पोरं जन्मल्याच्या बातम्या आल्या, त्याला हे सांगत होते. कुणाची सोयाबीनची रास चालू होती, कुणाला व्हिडिओ काढायला शटर उघडण्याचा कंटाळा होता. आणि बाकीचे सगळे, जे खरे प्रेमाचे, ते म्हणत, “राहू द्या की अप्पा. तुमी हायसाच की.” या वाक्याचा मला अजून राग येतो. त्या माणसाचा गळा रोज आतून बंद होत होता आणि गाव त्याला प्रेमानं सांगत होतं, की तुमी हायसाच.

अशी दिवाळी गेली. शेवटी मीच त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, उरलेले नंबर मी लावते, फोन माझ्याकडं द्या आणि उद्याची गाडी धरा. त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला. “वाजला की उचल,” एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेले ते शेवटचे शब्द.

ते दवाखान्यात होते तेवढे दिवस फोन माझ्याकडं राहिला. तेव्हा मला कळलं, की फोन करणाऱ्यांतल्या निम्म्यांना कुठलं दुकान नकोच असायचं. तिकडं पाऊस आहे का, विचारायचे. शेवटची एसटी गेली का, बाजार भरला का, अमक्याच्या घरी दिवा दिसतोय का. कुणी मुंबईहून, कुणी पुण्याहून, कुणी ऊसतोडीला गेलेल्या टोळीतून. नंबर कुठं मिळाला म्हटलं तर सांगत, जुनाच आहे, किंवा मॅपवर गिरणीचा दिसला तो लावला. माझा आवाज ऐकून दचकायचे आणि पहिल्यांदा एकच विचारायचे, अप्पा कुठं आहेत? मी शिवण बाजूला ठेवून त्यांना उत्तरं शोधून देत होते. संध्याकाळपर्यंत एक ब्लाउज पुरा होत नव्हता.

सोलापूरच्या डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, की मधल्या काळात गाठ पसरली. महिनाभर आधी आला असता तर गोष्ट वेगळी होती. काकूंनी हे गावात कुणालाच सांगितलं नाही, फक्त मला सांगितलं. मला वाटतं, पेठेत पाटी लावून सांगायला हवं होतं.

अप्पा परत आले तेव्हा उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले होते. गळ्याला भोक, त्यावर सुती फडकं. श्वास तिथून चालायचा. बोलायचं ते पाटीवर लिहून. मी फोन परत नेऊन दिला आणि सांगितलं, की बहुतेक सगळे नंबर लावले, थोडेच राहिलेत. तेवढ्यात फोन वाजला. अप्पा उठले. सवयीनं हिरवं बटण दाबलं, कानाला लावला आणि तोंड उघडलं. पलीकडून कुणीतरी “हॅलो, हॅलो” करत होतं, ते मला ऐकू येत होतं. अप्पांचे ओठ हलत होते आणि गळ्यावरचं फडकं नुसतं आत-बाहेर होत होतं. पलीकडचा वैतागून “काय माणसं आहेत” म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. अप्पांनी फोन खाली घेतला आणि माझ्याकडं बघितलं. तसं बघणं मला पुन्हा कुणाच्या डोळ्यांत दिसू नये.

मग मी पेठेत जाऊन तमाशा केला. बीए झालेल्या सुनेनं करू नये असा. ज्यानं त्यानं आपापला फोन घेऊन माझ्या दुकानात यायचं, नाहीतर तुमची दुकानं नकाशावरून कायमची काढून टाकते, असं सांगितलं. तशी काढता येत नाहीत, पण हे त्यांना कुठं माहीत? आले सगळे, आणि लागले नंबर. शेवटी एक सुभाष उरला.

तो आला नाही, पण एका सकाळी भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला, “वयनी, माझंबी करून टाका.” अप्पा तेव्हा समोर आपल्या दुकानाच्या पायरीवर उन्हाला बसले होते. मी म्हटलं, तुझं तूच कर, पहिला कोड त्यांच्या फोनवर येईल, तो त्यांच्याकडून घे. तो आपल्या दारात फोन घेऊन उभा राहिला. रस्ता ओलांडून जायचा त्याला धीर होईना. त्यानं बटण दाबलं. पलीकडं अप्पांचा फोन किणकिणला. त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचला, खिशात ठेवला आणि सुभाषकडं बघून बोटं वर केली. चार. मग दोन. मग मूठ वळून दाखवली, म्हणजे शून्य. तेवढ्यात उसाची ट्रॉली मध्ये आली आणि सगळं झाकलं गेलं, तिच्यामागं दुसरी. कोडाची मुदत थोडीच असते. ट्रॉल्या सरकल्या तेव्हा अप्पा पायरीवरून खाली, रस्त्याच्या कडेला येऊन उभे होते, दोन्ही हात डोक्याच्या वर उंच केलेले, आठ बोटं ताठ. सुभाषनं आठ टाकला. उरलेले दोन आकडे पाहताना त्याला दिसेनासं झालं असावं, कारण ते त्यानं मला विचारले. मी सांगितले. कोड लागला.

मग तो रस्ता ओलांडून गेला आणि पायरीवर परत टेकलेल्या अप्पांच्या पायाशी बसला. अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत जात होते.

काम संपलं. नंबर सगळे खरे, तपासलेले, ज्याचे त्याला. आणि अप्पांचा फोन वाजायचा थांबला; जुना नंबर असलेल्यांनीही, पलीकडून कुणी बोलत नाही म्हणून, लावणं सोडलं. मला वाटलं होतं, त्यांना आराम मिळेल. ते दिवसभर फोन समोर ठेवून बसत. काकू सांगतात, कधीकधी ते काकूंच्या फोनवरून स्वतःचाच नंबर लावून बघत. आपला फोन वाजला की तो बंद करत आणि पुन्हा समोर ठेवत. उन्हाळ्यात दुखणं हाडांत उतरलं. मी पेज घेऊन जायचे, ते पाटीवर लिहायचे, “दुकान चालतंय?” मी हो म्हणायचे. वैशाखात एका दुपारी ते गेले. लिंगायतांच्या रीतीनं बसवून नेलं. काकूंनी फोन बंद करून कपाटात ठेवला. पेठेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा फोटो फिरला, खाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग. कुणाला निरोप द्यायला जायची गरजच उरली नाही.

त्यानंतर महिनाभरानं, रविवारी, माझ्या दुकानाच्या नंबरावर पुण्याहून फोन आला.

“ताई, मला शिवायचं काही नाही,” पलीकडचा माणूस म्हणाला. “बेंबळीतला हा नंबर मॅपवर दिसला. मन्मथअप्पांचा फोन लागत नाहीये.”

मी सांगितलं. मग तो म्हणाला, त्याचे वडील गावात एकटे असतात, नागनाथतात्या. कानानं ऐकू येत नाही, फोन उचलत नाहीत. दर रविवारी तो अप्पांना लावायचा आणि अप्पा सांगायचे, बरे आहेत, आत्ताच बघितलं. अप्पांना बोलता येईना तेव्हापासून मेसेज यायचा, ‘बरे’, एवढाच. तोही आता येईना. गावात दुसरं कुणाला विचारावं, हे त्याला सुचत नव्हतं.

मी मशीन थांबवलं, शटर ओढलं आणि निघाले. नागनाथतात्यांचं घर अप्पांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. म्हातारे ओट्यावर बसले होते. शेजारी पाण्याचा तांब्या आणि दोन कप पालथे घातलेले. मला त्यांनी ओळखलं नाही. हातानं बसायची खूण केली आणि विचारलं, “मन्मथ कुठं हाय? लई आइतवार झालं, आला न्हाय. तब्येत बरी न्हाय का त्येची?”

मी ओरडून सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मग कानाशी वाकून, पुन्हा एकदा, त्याहून मोठ्यानं सांगितलं. गल्लीतली माणसं दारात येऊन बघायला लागली. तात्यांनी माझ्या तोंडाकडं, माझ्या हातांकडं पाहिलं, आणि हळूहळू त्यांना कळलं. त्यांनी त्या दोन कपांतला एक उचलून बाजूला ठेवला.

“कवा?” त्यांनी विचारलं. मी बोटांनी महिना झाल्याचं दाखवलं.

“मला कुणी निरोपच दिला न्हाय,” तात्या म्हणाले.